उत्क्रांती मानली म्हणजे देव नाकारला?

‘माणूस माकडापासून झाला असं मानलं, तर देव मानता येत नाही’ हा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यात दोन गैरसमज आहेत.

माणूस आजच्या माकडांपासून झालेला नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एकच होता. दोघांच्या वाटा साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी फुटल्या. म्हणून माकडं आजही आहेत.

उत्क्रांती पडताळायची तर नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत जा. भुरी या बुरशीच्या रोगावर एकाच गटाचं (एकाच पद्धतीने काम करणारं) बुरशीनाशक पुन्हापुन्हा मारलं की बहुतेक बुरशी मरते. आनुवंशिक बदलामुळे औषधाला दाद न देणारी थोडी उरते, तिचीच पुढची पिढी पानांवर पसरते आणि औषध ‘चालेनासं’ होतं. म्हणून गट बदलून फवारायचं. हीच उत्क्रांती घडवणारी नैसर्गिक निवड, डोळ्यांदेखत.

हे जाणणारा बागायतदार नाशिकला गोदावरीच्या रामकुंडावर मनापासून स्नान करतो. त्यात विसंगती नाही: सजीव कसे बदलतात हे विज्ञान तपासतं, देव आहे की नाही हे उत्क्रांती तपासत नाही. खटका उडतो तो ‘प्रत्येक जीव आजच्याच रूपात घडवला गेला’ असं शब्दशः धरलं तरच. तेवढा दावा जीवाश्म आणि डीएनए खोडून काढतात.