सोन ह्युंग-मिनची लोकप्रियता

दक्षिण कोरियात फुटबॉलचा विषय निघाला की ‘सोन, चा की पार्क?’ हा तीन खेळाडूंवरचा वाद ठरलेला: सोन ह्युंग-मिन, चा बुम-गुन आणि पार्क जी-सुंग. देशाचा आजवरचा सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू कोण, यावर एकमत होणे कठीण आहे. लोकप्रियतेत मात्र सोन ह्युंग-मिन (जन्म ८ जुलै १९९२, चुनचॉन) निर्विवाद पुढे आहे. ‘गॅलप कोरिया’ या जनमत चाचणी संस्थेच्या वार्षिक पाहणीत वर्षाचा सर्वोत्तम क्रीडापटू म्हणून लोकांनी सलग अनेक वर्षे त्याचेच नाव घेतले.

केवळ करंडक मोजले तर हे कोडेच वाटेल. पार्क जी-सुंगने मँचेस्टर युनायटेडकडून चार वेळा प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची अव्वल साखळी स्पर्धा, जिंकली. २००२ मध्ये विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचलेल्या कोरियन संघातही तो होता. त्याआधी चा बुम-गुनने १९७९ ते १९८९ या काळात बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल साखळी स्पर्धेत, ९८ गोल केले, त्यांतला एकही पेनल्टीवर नव्हता. सोनला टॉटनहॅम या इंग्लिश क्लबबरोबर पहिला मोठा करंडक मिळाला तो थेट मे २०२५ मध्ये, युरोपा लीग या युरोपीय क्लब स्पर्धेचा. बिल्बाओतला तो अंतिम सामना सुरू झाला तेव्हा कोरियात पहाटेचे चार वाजले होते.

पण सोन टॉटनहॅम या एकाच क्लबमध्ये दहा वर्षे राहिला, आणि चा बुम-गुनच्या काळी नव्हती ती सोय, म्हणजे प्रत्येक सामना घरबसल्या पाहण्याची, त्याच्या चाहत्यांना होती. २०२१-२२ च्या हंगामात त्याने २३ गोल करून मोहम्मद सलाहबरोबर प्रीमियर लीगचा ‘गोल्डन बूट’ हा सर्वाधिक गोलांचा पुरस्कार वाटून घेतला. आशियाई खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळाला. तरीही ‘माझा मुलगा जागतिक दर्जाचा नाही’ असे त्याचे वडील सोन वूंग-जुंग सांगत राहिले. लहानपणी चेंडू जमिनीवर पडू न देता चार-चार तास पायावर खेळवायला लावणारे प्रशिक्षक तेच.

गोलांइतकाच त्याचा स्वभाव लोकांना भावला. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच्या टॅकलनंतर एव्हर्टनच्या आंद्रे गोमेशचा घोटा मोडला आणि सोन मैदानावरच कोलमडला. तीनच दिवसांनी बेलग्रेडमध्ये रेड स्टार क्लबविरुद्ध गोल करून त्याने चा बुम-गुनचा युरोपातल्या १२१ गोलांचा विक्रम मागे टाकला. पण जल्लोष न करता कॅमेऱ्यासमोर हात जोडून गोमेशची माफी मागितली. पराभवानंतरचे त्याचे रडणेही कोरियाला पाठ आहे. २०१८ च्या विश्वचषकात मेक्सिकोकडून हरल्यावर राष्ट्राध्यक्ष मून जे-इन ड्रेसिंग रूममध्ये आले, तेव्हाही त्याचे डोळे वाहत होते. त्याच वर्षी आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या सुवर्णपदकामुळे त्याला सक्तीच्या दीर्घ लष्करी सेवेतून सूट मिळाली आणि २०२० मध्ये जेजू बेटावर त्याने तीन आठवड्यांचे मूलभूत प्रशिक्षण पुरे केले. २०२२ च्या विश्वचषकात डोळ्याभोवतीचे हाड मोडलेले असतानाही तो काळा मुखवटा लावून खेळला.

समकालीनांतही गुणवत्ता कमी नाही. किम मिन-जे नापोलीबरोबर इटलीचा विजेता ठरून बायर्न म्युनिकला गेला. ली कांग-इनने पॅरिस सँ-जर्मेंबरोबर चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा जिंकली. पण चाहत्यांच्या मनातला फरक २०२४ च्या आशियाई चषकात उघड झाला. जॉर्डनविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी संघातच सोन आणि ली यांची बाचाबाची झाली आणि सोनचे बोट निखळले. ही बातमी फुटताच लोकांचा सारा रोष ली कांग-इनवर उलटला. ली लंडनला जाऊन सोनची माफी मागून आला. मग सोननेच दोघांचे हसरे छायाचित्र टाकून, एकदा त्याला क्षमा करा, अशी लोकांना विनंती केली.