सेडानची डिकी, हॅचबॅकची पाठ: पहिली कोरी गाडी निवडताना

दिवाळीच्या आधी भाचा दोन कोटेशनं घेऊन घरी आला. एक ह्युंदाई आय२० एन लाइन या स्पोर्टी हॅचबॅकचं, दुसरं फोक्सवॅगन व्हर्टस या सेडानचं, एक लिटर टर्बो इंजिनवालं. तो नोकरीला हिंजवडीत, आईवडील चिपळूणला. आतापर्यंत सेकंडहँड गाडी वापरली होती, ही पहिली कोरी. "मामा, घरचे म्हणतात सेडानच घे, फॅमिलीची गाडी आहे. मला ही छोटी आवडलीय. तू सांग, ही घेतली तर पोरकटपणा होईल का?"

पहिली गाडी घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात हेच असतं: सेडान म्हणजे मोठी, शांत, घरच्यांसाठी, स्पोर्टी हॅचबॅक म्हणजे छोटी, वेगवान, एकट्यासाठी. मी त्याला आधी दोन्ही कागदांवरचे इंजिनाचे आकडे शेजारीशेजारी लिहायला लावले. आय२० एन लाइन: ९९८ सीसी, ताकद १२० पीएस, ओढ १७२ न्यूटन-मीटर. व्हर्टस: ९९९ सीसी, ११५ पीएस, १७८ न्यूटन-मीटर. दोन्ही तीन सिलिंडरची टर्बो इंजिनं, म्हणजे हवा दाबून आत ढकलून छोट्या इंजिनातून जास्त ताकद काढणारी. कुठली पळते आणि कुठली पळत नाही, हा प्रश्न तिथंच संपला. उलट ताकदच हवी असेल तर आज ती सेडानमध्ये जास्त मिळते. व्हर्टसचंच दीड लिटरचं इंजिन १५० पीएस देतं, ह्युंदाई व्हर्नाचं दीड लिटर टर्बो १६० पीएस. चाकणला बनणारी फोक्सवॅगनची हॅचबॅक पोलो २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्या जीटी टीएसआय या टर्बो मॉडेलवर जीव असलेल्या अनेकांनी त्याच कारखान्यातून निघणारी व्हर्टस घेतली, ती याच कारणासाठी.

खरा फरक मागच्या सीटच्या पाठीमागे आहे.

सेडानची डिकी ही वेगळी खोली आहे. बऱ्याच सेडानमध्ये मागची सीट पडतच नाही. काहींत पडते, पण तरी सीटमागच्या चौकटीतून आत जायला वाट लहान असते. हॅचबॅकमध्ये ती खोली नाही, प्रवाशांची आणि सामानाची जागा एकच. वर एक पातळ फळी ठेवलेली असते, ती काढली आणि सीट पाडली की मागचा दरवाजा थेट छतापर्यंत उघडा. एवढ्या एका गोष्टीतून बाकीचे बरेच फरक निघतात.

लिटरचे आकडे फसवतात, ते यामुळेच. व्हर्टसची डिकी ५२१ लिटरची, आय२०ची ३११ लिटरची. गाडीत चार-पाच माणसं बसलेली असतील तर हा फरक खराच मोठा आहे: गणपतीला गावी जाताना सेडानमध्ये सगळ्यांच्या बॅगा मागे जातात, हॅचबॅकमध्ये दोन बॅगा मांडीवर येतात. पण गाडीत दोघंच असतील तर हिशेब उलटतो. तंबोरा, सायकल, कपड्यांचं लहान कपाट, वॉशिंग मशीन यांतली एकही वस्तू सेडानच्या डिकीत धड जात नाही, कारण डिकी खोल असली तरी तिचं तोंड अरुंद आणि झाकण खाली. हॅचबॅकमध्ये सीट पाडून यातलं बरंच काही जातं. म्हणून "डिकी किती लिटरची" याआधी "सामान नेताना मागे माणसं असतात का" हे विचारावं.

आवाजाचंही तसंच. मागच्या चाकांचा घुमारा, डिकीत गडगडणारी पाण्याची बाटली, पावसात चाकांवरून उडणाऱ्या पाण्याचा सपका, हे सगळं सेडानमध्ये त्या वेगळ्या खोलीत बरंचसं अडतं. हॅचबॅकमध्ये ते थेट कानावर येतं. एक्स्प्रेस वेवर तासभर शंभरच्या वेगाने गेल्यावर मागे बसलेल्या माणसाला हा फरक जाणवतो, चालवणाऱ्याला फारसा नाही. पावसाळ्यात हॅचबॅकच्या मागच्या काचेवर चिखल उडत राहतो, कारण सरळ तुटलेल्या पाठीमागे हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि घाण काचेकडे ओढते. तिथं वायपर असतो, तो त्यासाठी. तुम्ही घेताय त्या मॉडेलला तो आहे ना, हे पाहून घ्या.

आता मधलाच एक प्रकार, ज्याने सगळा गोंधळ वाढवलाय. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आला. त्यानंतर कंपन्यांनी सेडानच्या शेपट्या कापायला सुरुवात केली. टाटाची इंडिगो सीएस २००८ मध्ये आली, २०१२ मध्ये मारुतीने डिझायर चार मीटरच्या आत आणली, पुढच्या वर्षी होंडाची अमेझ. या गाड्यांना आपण सेडान म्हणतो, पण अंगाने त्या हॅचबॅकच आहेत, मागे डिकी जोडलेल्या. स्विफ्ट आणि डिझायर यांचं इंजिन एक, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरही एकच, २,४५० मिलिमीटर. फरक डिकीचा: २६५ लिटर आणि ३८२ लिटर. डिझायर चांगली गाडी आहे, मायलेज उत्तम, विकायला गेलात तर गिऱ्हाईक चटकन मिळतं. पण "सेडान घेतली" म्हणून व्हर्नासारखी मागची ऐसपैस जागा तिच्यात शोधू नका. व्हर्नाच्या दोन चाकांमधलं अंतर २,६७० मिलिमीटर आहे. तो जवळजवळ पाऊण फुटाचा फरक मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना कळतो.

म्हणून निवड दोन गाड्यांमधली दिसली तरी ती तीन प्रकारांमधली आहे. छोटी सेडान, पुरी सेडान आणि स्पोर्टी हॅचबॅक.

"स्पोर्टी" या शब्दाकडेही नीट बघायला हवं. लाल शिलाईच्या सीटा, काळं छत आणि बाजूला पट्टे एवढ्यावर कुठलीही गाडी स्पोर्टी म्हणून विकता येते. मी तीन गोष्टी तपासतो: इंजिन वेगळं आहे का, सस्पेन्शन वेगळं बसवलंय का, ब्रेक वेगळे आहेत का. एन लाइन २०२१ मध्ये आली तेव्हा तिचं इंजिन साध्या आय२० टर्बोचंच होतं. बदललं होतं ते सस्पेन्शन, स्टिअरिंगचा वजनदारपणा, सायलेन्सर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. जून २०२४ ची टाटा अल्ट्रोझ रेसर याच्या उलटी: तिच्यात १.२ लिटरचं टर्बो इंजिनच जास्त ताकदीचं आलं, १२० पीएस आणि १७० न्यूटन-मीटरचं, सहा गियरचं. दोन्ही खऱ्या अर्थाने स्पोर्टी, पण वेगवेगळ्या बाजूने. आणि २०१५ मध्ये रांजणगावातून निघालेली फियाटची अबार्थ पुंटो, १४५ पीएसची, तिच्यात इंजिन आणि ब्रेक दोन्ही वेगळे होते. ती गाडी मी कुंभार्ली घाटात एकदाच चालवली. वळणावर ती जमिनीला जशी धरून राहिली, ते अजून हातांत आहे. म्हणून भाच्याला काय आवडलंय, हे मला पूर्ण समजत होतं.

घाटाचा विषय निघालाच आहे तर तिथं आकड्यांपेक्षा आकडे कुठे येतात ते महत्त्वाचं. होंडा सिटी या सेडानचं दीड लिटरचं साधं, टर्बो नसलेलं इंजिन १२१ पीएसचं, म्हणजे कागदावर एन लाइनच्या बरोबरीचं. पण त्याची ओढ १४५ न्यूटन-मीटर, आणि तीही इंजिनाच्या मिनिटाला ४,३०० फेऱ्यांवर. टर्बो इंजिन आपली १७२ ची ओढ १,५०० फेऱ्यांपासूनच द्यायला लागतं. पाटण सोडून कोयनेकडे चढताना पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला की टर्बो गाडी तिसऱ्या गियरमध्ये निघून जाते; सिटीला दुसरा टाकून इंजिन ओरडवावं लागतं. उलट, संध्याकाळी हिंजवडीच्या गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये सरपटताना, टर्बो इंजिन दीड हजार फेऱ्यांच्या खाली असतं आणि गाडी जरा मंद वाटते. तिथं साधं इंजिन जास्त गुळगुळीत चालतं. टर्बोचं मायलेजही पायावर आहे: हळू पाय ठेवला तर चांगलं, सारखा दाबला तर पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत उतरतो.

रस्त्याचं मात्र मी जास्त मनावर घेतो. एन लाइनचे टायर १९५/५५ आर१६. म्हणजे रिमपासून जमिनीपर्यंत रबराची भिंत १९५ मिलिमीटर रुंदीच्या ५५ टक्के, १०७ मिलिमीटर. स्विफ्ट-डिझायरच्या खालच्या मॉडेलला येणारा १६५/८० आर१४ घ्या, तीच भिंत १३२ मिलिमीटर. खड्ड्यात चाक आदळलं की आधी ही भिंत दबते आणि मग रिमला मार बसतो. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. कमी भिंतीच्या टायरला फुगा येणं, अलॉय रिम वाकणं हे तिथंच होतं. त्यात कडक सस्पेन्शन. चालवणाऱ्याला ते आवडतं, कारण त्याला रस्ता कळतो. मागे बसलेल्या माणसाला तोच रस्ता पाठीतून कळतो, कारण तो मागच्या आसाच्या जवळजवळ वरच बसलेला असतो.

पुऱ्या सेडानची अडचण वेगळी: ती पोटात घासते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असावा. असा असेल तर कुठलीच गाडी घासणार नाही. पण गावाच्या वेशीवर लोकांनीच घातलेले गतिरोधक अरुंद आणि टोकदार असतात. चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं अशा उंचवट्यावर पोट खाली येतं. पाच माणसं आणि भरलेली डिकी असेल तर आणखी. रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, व्हर्टसचा १७९ मिलिमीटर किंवा सिटीचा १६५, हा आकडा भरल्या गाडीला तेवढाच राहत नाही.

पैशांची बाजू थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के, त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के. म्हणजे ९९८ सीसीची एन लाइन १८ टक्क्यांत आणि ९९९ सीसीची व्हर्टस निव्वळ लांबीमुळे ४० टक्क्यांत. वर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा एकरकमी रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२ टक्के. थर्ड पार्टी विम्याचा टप्पा सीसीवर ठरतो, लांबीवर नाही. हजार सीसीच्या आत दोन्ही गाड्या सर्वांत स्वस्त टप्प्यात बसतात, सिटी बसत नाही. सुरक्षेचा संबंधही गाडीच्या आकाराशी लावू नका. गाड्या आदळून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत व्हर्टस, अल्ट्रोझ आणि नवी डिझायर तिघींना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे आहेत. आय२०ला २०२२ मध्ये दोन एअरबॅगच्या मॉडेलसाठी तीन मिळाले होते. मॉडेल आणि वर्ष बघून ठरवायचं.

आणि पार्किंग. व्हर्टस ४,५६१ मिलिमीटर लांब, आय२० ३,९९५. जवळजवळ दोन फुटांचा फरक. शिवाय सेडानच्या डिकीचा शेवट चालवताना दिसत नाही, त्यामुळे खांबाच्या जवळ मागे घेताना नवा माणूस तिथंच ठोकतो. शोरूमला जायच्या आधी सोसायटीतली आपली जागा टेपने मोजावी. भाच्याची जागा दोन खांबांमध्ये ४.८ मीटर निघाली. व्हर्टस बसली असती, पण डिकी उघडायला गाडी पुढे घ्यावी लागली असती.

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह सहसा गुळगुळीत रस्त्यावर, एकट्याने, दहा मिनिटांची होते. त्यातून काहीच कळत नाही. आईवडील पुण्याला आले तेव्हा आम्ही दोन्ही गाड्या घरी मागवल्या. घरातल्या दोन बॅगा डिकीत टाकल्या, चौघं बसलो, आणि सोसायटीमागच्या उखडलेल्या रस्त्याने गेलो. व्हर्टसमध्ये ताई मागे बसून मोकळेपणी बोलत होती. एन लाइनमध्ये पहिल्या गतिरोधकानंतर ती गप्प झाली आणि पुढच्या सीटचा मागचा भाग धरून बसली. गाडी थांबल्यावर म्हणाली, "गाडी छान आहे रे, पण माझ्या कमरेला हिच्या मागे जमायचं नाही."

मी त्याच्या जागी असतो तर तिथंच सेडान ठरवली असती. माझं मत अजूनही तेच आहे: महिन्यातून एकदोनदा आईवडील मागे बसणार असतील तर पुरी सेडान घ्यावी, करासकट. छोटी सेडान मी फक्त त्याला सुचवेन ज्याला माणसं आणि बॅगा दोन्ही न्यायच्या आहेत आणि बजेट हलणार नाही. भाच्याने मात्र महिन्याचा हिशेब मांडला. पंचवीस दिवस एकटा ऑफिसला, दोन-तीन शनिवार मित्राबरोबर सायकल घेऊन ताम्हिणीला, चिपळूणची खेप वर्षातून चार वेळा. आणि त्याने ताईला पुन्हा एकदा बसवलं, या वेळी पुढे. पुढची सीट दोन्ही आसांच्या मध्ये येते, तिथं धक्का निम्माच लागतो. ताईला ते चाललं.

चिपळूणहून येताना आता ती पुढे बसते आणि भाऊजी मागे. मे महिन्यात आंब्याच्या चार पेट्या आल्या, तीन डिकीत बसल्या, चौथी भाऊजींच्या शेजारच्या सीटवर, पट्टा लावून.