संवेदनाचे जीवशास्त्र आणि कुटुंबोपचार

डोळा बाहेरचे जग जसेच्या तसे मेंदूपर्यंत पोचवतो, हा समज जीवशास्त्राने खोडला. त्याचे पडसाद १९८० च्या दशकात कुटुंबोपचारात, म्हणजे साऱ्या कुटुंबाला एकत्र बसवून केल्या जाणाऱ्या मानसोपचारात, उमटले आणि उपचारकाची भूमिकाच बदलली.

सुरुवात बेडकापासून झाली. १९५९ मध्ये जेरोम लेटविन, चिलीचे जीवशास्त्रज्ञ उंबेर्तो मातुराना, वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंमधील विद्युत-संकेत नोंदवले. काही तंतू लहान, गडद, हलत्या ठिपक्यालाच प्रतिसाद देत. म्हणजे माशी ओळखण्याचे बरेचसे काम डोळ्यातच उरकलेले! भोवती मेलेल्या माश्यांचा खच पडला तरी बेडूक उपाशीच राहतो. न हलणारी माशी त्याच्या लेखी अन्नच नव्हे. पुढे कबुतरांच्या रंगदृष्टीवर काम केल्यावर मातुराना यांनी १९७० मध्ये मांडले, की जे काही सांगितले जाते ते कोणा निरीक्षकानेच सांगितलेले असते. बाहेरचा आघात केवळ चालना देतो. बदल कोणता होणार हे सजीवाची घडण ठरवते.

तोवर उपचारक कुटुंबाबाहेर उभा राहून बिघाड हुडकणारा तज्ज्ञ मानला जाई. मातुरानांचे म्हणणे मान्य केले, तर तोही आपल्या घडणीनुसारच पाहतो आणि त्याच्या सल्ल्याचे काय करायचे ते कुटुंबाची घडण ठरवते. शास्त्रज्ञ हाइन्झ फॉन फर्स्टर यांनी निरीक्षकालाच निरीक्षणात धरण्याचा हा विचार पुढे नेला.

इटलीतील मिलानच्या लुइजी बोस्कोलो आणि जानफ्रांको चेक्किन या कुटुंबोपचारकांनी तो आपलासा केला. त्यांची प्रश्न विचारण्याची रीत मुळात मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांच्या विचारांवर बेतलेली. मुलगी जेवत नसेल तर तिच्या भावाला विचारायचे, ‘‘ताईने ताट सरकवलं की आधी कोण अस्वस्थ होतं, आई की बाबा?’’ खरे कारण शोधण्यापेक्षा प्रत्येकाला काय दिसते ते सर्वांसमोर यावे, हा हेतू. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे उपचारक टॉम आंडेर्सन यांनी १९८५ मध्ये एकतर्फी (एकाच बाजूने आरपार दिसणाऱ्या) आरशामागे बसून बैठक पाहणाऱ्या उपचारकांची चर्चाच कुटुंबाला ऐकवली.

बेडकाच्या डोळ्यावरून घरातल्या भांडणांवर येणे ही उडी मोठीच. मातुरानांचे सहकारी फ्रान्सिस्को व्हारेला यांनाही ‘स्वतःला सतत घडवत राहतो तो सजीव’ ही दोघांची व्याख्या समाजाला सरसकट लावणे पटत नव्हते. स्त्रीवादी उपचारकांचा आक्षेप अधिक गंभीर होता: जिथे नवरा बायकोला मारतो, तिथे दोघांची ‘वास्तवे’ एकाच मापाने तोलली तर सत्तेचा प्रश्न झाकला जातो. अशा घरांत एकत्र बैठकीआधी बाईच्या सुरक्षिततेची खात्री करून घ्यावी, असा आग्रह त्यातून पुढे आला.