ले-ऑफ व कामाचा शोध (बेळगाव सीमाभाग)

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक वसाहतींत फौंड्री (धातूचे ओतकाम), मशीनशॉप आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत. वाहने, ट्रॅक्टर, पंप यांच्या ऑर्डरी आटल्या की कामगाराला ‘घरी बसवतात’. बोलण्यात ले-ऑफ म्हणजे नोकरी गेली. कायद्यात तसे नाही. ले-ऑफमध्ये नोकरी राहते, काम तेवढे थांबते. ५० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात वर्षाची सलग सेवा झालेल्याला या काळात मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. कायमचे कमी करणे ती कपात. तिथे शेवटी आलेला आधी जातो आणि पुढच्या भरतीत काढलेल्यांना प्राधान्य असते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली ही तत्त्वे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहेत. घाईत राजीनाम्यावर सही केली, की हे सगळे हातचे जाते.

मालक आधी ओव्हरटाइम बंद करतो, मग ठेकेदाराची माणसे कमी करतो, शेवटी एखादी पाळी. सलग सेवेसाठी वर्षात २४० दिवस भरावे लागतात. ते भरू नयेत म्हणून मध्येच ‘ब्रेक’ देणे हा उघड अन्याय आहे. जाणता मालक मंदीत मशीनची दुरुस्ती काढतो, साठलेल्या रजा देतो, लेथवरच्या टर्नरला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे मशीन, शिकवतो. तयार मोल्डर (ओतकामाचे साचे करणारा) एकदा दुसरीकडे रुळला की परत मिळणे कठीण, हे त्याला ठाऊक असते.

मोल्डर, साच्यासाठी नमुना घडवणारा पॅटर्नमेकर, फिटर यांना काम लागते ते बहुधा ओळखीने: जुना सुपरवायझर, आयटीआयचा सोबती, गेटबाहेरची चहाची टपरी. मग ‘ट्रायल’. हातात ड्रॉइंग देतात, जॉब (घडवायचा भाग) मशीनवर लावून दाखवायचा. मायक्रोमीटरवर माप बसले की पगाराचे बोलणे. वीस वर्षांचा अनुभव असा तासाभरात तपासला जातो, आणि कारागिराला ही परीक्षा मुलाखतीपेक्षा न्याय्य वाटते.

निपाणीच्या माणसाला बेळगावपेक्षा कागल जवळ. महाराष्ट्रातल्या कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली इथे भाषा आपली, धंदाही ओळखीचा. खानापूरकडचे गोव्यातही जातात. राज्य बदलले तरी भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन (कामगाराचा कायमचा खाते क्रमांक) तोच राहतो. पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. म्हणून नव्या कारखान्यात रुजू होताना जुना क्रमांक सांगून आधीची सेवा जोडून घ्यावी लागते.