अपडेट उतरत नाही की बसत नाही?

नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या माझ्या मावशीकडे मध्यंतरी इंटरनेटची जोडणी ४० एमबीपीएस (सेकंदाला ४० मेगाबिट) वेगावरून १०० एमबीपीएसची करून घेतली. त्याचे कारण एकच होते. २०१८ साली घेतलेला घरचा लॅपटॉप विंडोजचे अपडेट घ्यायला बसला की अख्खी दुपार त्यातच जात असे. महिन्याचा खर्च वाढला, पण लॅपटॉप पुढच्या महिन्यातही तितकाच वेळ अडकून राहिला. जोडणी देणाऱ्याची यात काही चूक नव्हती, कारण त्याने सांगितलेला वेग मोजून पाहिल्यावर तो खरोखरच मिळत होता.

‘अपडेट फार हळू चालले आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा दोन निराळी कामे एकाच नावाखाली घालतो. अपडेटची फाइल कंपनीच्या सर्व्हरवरून घरच्या संगणकात उतरणे, म्हणजे डाउनलोड, हे पहिले काम; आणि उतरलेली फाइल उघडून तिच्यातले बदल चालत्या प्रणालीत बसवणे, म्हणजे इन्स्टॉल, हे दुसरे. पहिल्याचा वेग जोडणीवर आणि वायफायवर ठरतो, तर दुसऱ्याचा डिस्क, प्रोसेसर आणि रॅमवर, आणि त्या कामाच्या मोठ्या भागात इंटरनेट बंद असले तरी काही बिघडत नाही. पडद्यावर दोन्ही वेळा टक्केवारीच सरकताना दिसते, त्यामुळे दोष बहुधा जोडणीच्या माथी मारला जातो.

उतरण्याचा हिशेब सोपा आहे. एमबीपीएसमध्ये मोजला जातो तो बिट, आणि फाइलचा आकार मोजला जातो बाइटमध्ये; ८ बिटांचा एक बाइट होत असल्याने ४० एमबीपीएसची जोडणी सेकंदाला जास्तीत जास्त ५ एमबी आणि १०० एमबीपीएसची जोडणी साडेबारा एमबी आणू शकते. म्हणजे १ जीबीचे अपडेट पहिल्या जोडणीवर साधारण साडेतीन मिनिटांत उतरते आणि दुसरीवर दीड मिनिटाच्या आत. मावशीने वाढीव पैसे भरून दुपारभराच्या कामातली दोन मिनिटे वाचवली होती. उतरणेच खरोखर रखडत असेल, तर राउटर दिवाणखान्यात आणि संगणक दोन भिंतींपलीकडच्या खोलीत अशी मांडणी आहे का, मोबाइलच्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड’, म्हणजे डेटा मोजून वापरायची जोडणी, अशी खूण केली आहे का (तशी खूण असली की विंडोज बरीचशी अपडेट उतरवण्याचे थांबवते), किंवा कोणी पूर्वी विंडोजच्या ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ या सेटिंगमध्ये उतरवण्याच्या वेगाची मर्यादा घालून ठेवली आहे का, एवढे पाहिले की बहुतेक वेळा उलगडा होतो.

बसण्याचे काम याहून किचकट असते. विंडोजच्या महिन्याच्या अपडेटमध्ये बऱ्याच फाइल पूर्ण येत नाहीत, तर मूळ फाइलच्या तुलनेत काय बदलले तेवढेच येते. त्या बदलांवरून नवी फाइल तयार करायची, ती खरी आहे की नाही हे तपासायचे, विनएसएक्सएस नावाच्या साठ्यात ठेवायची, जिथे लागते तिथे जोडायची, रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातल्या, नोंदी बदलायच्या आणि अपडेट काढून टाकायची वेळ आलीच तर परत जाता यावे म्हणून आवश्यक ते जुनेही सांभाळून ठेवायचे, असा हा उद्योग हजारो लहान-लहान फाइलींवर चालतो. नव्याने लिहिली जाणारी फाइल अँटिव्हायरसही तपासत असतो. रॅम ४ जीबीच असेल, तर तिच्यात न मावणारा मजकूर त्याच डिस्कवर उतरवला जातो, आणि आधीच दमलेल्या डिस्कवर आणखी भार पडतो.

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क नेमकी इथेच उघडी पडते. ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ५४०० फेऱ्यांची, चकती सेकंदाला ९० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला मजकूर चकतीवर निरनिराळ्या जागी विखुरलेला असेल, तर प्रत्येक वेळी वाचणारे टोक त्या जागेवर न्यावे लागते आणि चकती फिरून ती जागा टोकाखाली येईपर्यंत थांबावे लागते. असे विखुरलेले वाचन सेकंदाला साधारण शंभराच्या आतच होऊ शकते. एसएसडीत, म्हणजे चकतीऐवजी चिपवर मजकूर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसल्याने तिथे हीच संख्या हजारोंच्या घरात जाते. नागपूरच्या इतवारी बाजारात एका ठोक दुकानातून पन्नास किलोचे पोते उचलून आणणे आणि पन्नास दुकानांत एकेक किलोसाठी उभे राहणे, यांत वजन सारखेच असले तरी वेळ सारखा लागत नाही. एखादा मोठा व्हिडिओ हीच हार्ड डिस्क झपाट्याने उतरवून घेते, कारण ते सलग लिखाण असते. म्हणून ‘डिस्क तर चांगली चालते’ असा घरच्यांचा समज होतो आणि तो टिकूनही राहतो.

नागपूरच्या मे महिन्यात यात उष्णतेची भर पडते. पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपचा प्रोसेसर तापला की तो स्वतःचा वेग कमी करून घेतो, आणि त्याचा फटका बसतो तो प्रामुख्याने दुसऱ्या कामाला.

आपण कोणत्या टप्प्यावर आहोत हे ओळखण्यासाठी आधी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर ‘डाउनलोडिंग’ लिहिले आहे की ‘इन्स्टॉलिंग’, हे नीट वाचावे. नंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. नेटवर्कचा रकाना जवळजवळ रिकामा, डिस्कचा १०० टक्क्यांवर, आणि यादीत वरच्या बाजूला ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ दिसत असेल, तर राउटर बंद-चालू करण्यात काही अर्थ नाही. विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांचा असा गोंधळ सहसा होत नाही, कारण टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, अपडेट घेताना आणणे, उलगडणे आणि बसवणे या पायऱ्या वेगवेगळ्या ओळींत समोर छापल्या जातात.

उतरण्याचा आकार आणि बसण्याचा वेळ यांचे प्रमाण जुळतेच असेही नाही. विंडोज ११ ची २५एच२ ही आवृत्ती २४एच२ असलेल्या संगणकावर एका छोट्या पॅकेजने चालू होते, कारण तिचा बहुतेक भाग आधीच्या मासिक अपडेटमधून येऊन पडलेला असतो. दोन-तीन महिने संगणक उघडलाच नाही म्हणून सगळी अपडेट एकामागून एक बसत बसतात, हीदेखील गैरसमजूत आहे. विंडोज १० पासून मासिक अपडेट आधीच्या सगळ्यांना पोटात घेऊन येते, त्यामुळे शेवटचे एक बसले की पुरते.

रीस्टार्टचा टप्पा हा बसण्याचाच उरलेला भाग आहे. चालत्या विंडोजने ज्या फाइल हातात धरलेल्या असतात त्या चालू असताना बदलता येत नाहीत, म्हणून ते काम बंद होताना आणि पुन्हा सुरू होताना उरकले जाते. तिथली टक्केवारी कामाची असते, वेळेची नसते. ती एकाच आकड्यावर बराच वेळ थांबली तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेपर्यंत बटण दाबून धरू नये. वीज जाण्याचा परिणामही दोन कामांत वेगळा होतो. डाउनलोड तुटला, तर वीज आल्यावर तो बहुधा तिथूनच पुढे चालू होतो. रीस्टार्टच्या मधोमध डेस्कटॉप बंद पडला, तर विंडोज सहसा काम पुरे करते किंवा केलेले बदल मागे घेते, पण क्वचित प्रणाली सुरूच न होण्याची वेळ येते. घरातल्या इन्व्हर्टरवर संगणकाचे सॉकेट जोडलेले असेलच असे नाही, आणि साधा यूपीएस काही मिनिटेच टिकतो. म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळी वादळाचे आभाळ भरून आले असेल, तर रीस्टार्ट रात्रीवर टाकलेला बरा.

मासिक अपडेट अमेरिकेत दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी निघते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा हिवाळ्यात साडेअकरा झालेले असतात. त्या आठवड्यात एक रात्र लॅपटॉप चार्जरला लावून चालू ठेवला, तर उतरणे आणि बसण्याचा बराचसा भाग झोपेतच होऊन जातो. मावशीकडे मात्र शेवटी बर्डीच्या बाजारातून एसएसडी आणून बसवली. पुढचे अपडेट उतरायला पूर्वीइतकाच वेळ लागला, पण पुढचे सगळे चहा होईपर्यंत आटोपले. १०० एमबीपीएसची जोडणी अजून तशीच आहे, कारण मावसभावाला आता टीव्हीवर क्रिकेट न अडकता दिसते.