पिचेत क्लनचुन: राक्षसाच्या पवित्र्यातून घडलेला नाट्यगुरू

थायलंडच्या ‘खोन’ या मुखवटानाट्यात विदूषक सोडले तर नट बोलत नाही. संवाद आणि कथन वेगळे निवेदक म्हणतात, ‘पिफात’ वाद्यमेळ साथ करतो आणि नटाकडे उरतं ते फक्त शरीर. नर्तक, नृत्यरचनाकार आणि शिक्षक पिचेत क्लनचुन (जन्म १९७१) यांची कारकीर्द समजून घ्यायची, तर हे शरीर कसं घडवतात ते आधी पाहायला हवं.

खोनची कथा एकच, ‘रामकियन’ म्हणजे थाई रामायण. भूमिकांचे चार वर्ग आहेत: नायक, स्त्री, राक्षस आणि वानर. शिष्याची अंगकाठी पाहून गुरू वर्ग ठरवतो. शिक्षणाचा आरंभ गुरुवारी होतो. थाई भाषेत या वाराचं नावही बृहस्पतीवरूनच आलं आहे.

पहिले धडे वरवर बाळबोध वाटतात. जमिनीवर बसून तळहातांनी आळीपाळीने गुडघ्यांवर थापा मारायच्या, म्हणजे लय अंगात मुरते. मग कोपराने कमरेच्या बाजूला ढुशी देत धड आणि मान हलवायला शिकायचं. त्यानंतर खांबाशी उभं राहून पाय आपटायचे. सगळ्यांत अवघड म्हणजे ‘थीप लियम’: शिष्य पाठ खांबाला किंवा भिंतीला टेकवून गुडघे बाहेर वाकवतो आणि समोर बसलेला गुरू पायांनी त्याच्या मांड्या बाजूला रेटतो. राक्षसाचा पवित्रा सर्वांत रुंद आणि चौकोनी असतो. मांड्या पुरत्या उघडल्या नाहीत तर गुडघे आत वळतात, धड पुढे कलतं. युद्धप्रसंगात राम किंवा वानर राक्षसाच्या मांडीवर चढून उभा राहतो, तेव्हा हा कच्चेपणा लपत नाही. दोघांचाही तोल जातो.

१९३२ च्या सत्तांतरात राजाची निरंकुश सत्ता संपली; त्यानंतर दरबारी कलावंत सरकारी ललित कला विभागाच्या छत्राखाली आले आणि खोनचं शिक्षण प्रामुख्याने त्याच चौकटीत बसलं. पिचेत मात्र सोळाव्या वर्षी चैयोत खुम्मनी या खोनगुरूंकडे शिकू लागले, तेही राक्षसाची भूमिका. पुढे चुलालोंगकॉर्न विद्यापीठातून त्यांनी थाई शास्त्रीय नृत्याची पदवी घेतली. ‘आय ॲम अ डीमन’ हा त्यांचा एकलप्रयोग या गुरूंना वाहिलेला. त्यात भरजरी पोशाख नाही, मुखवटाही नाही. एरवी जरीखाली झाकली जाणारी मेहनत प्रेक्षकाला सरळ दिसते.

नाव जगभर झालं ते फ्रेंच नृत्यरचनाकार जेरोम बेल यांच्यासोबतच्या प्रयोगामुळे. २००४ मध्ये बँकॉकमध्ये त्याची सुरुवात झाली. दोघं समोरासमोर खुर्च्यांवर बसून एकमेकांना प्रश्न विचारतात. बॅलेत ऊर्जा बाहेर फेकली जाते, खोनमध्ये ती वळून पुन्हा शरीरात येते; बोटं मागे का वाकतात, याचं उत्तर यातच आहे. रंगमंचावर मृत्यू थेट दाखवत नाहीत, हेही पिचेत तिथे करून सांगतात. माझ्या मते त्यांच्यातला शिक्षक सर्वांत स्पष्ट दिसतो तो इथेच.

२०१० चा ‘निजिन्स्की सियाम’ उलट्या दिशेने जातो. १९०० मध्ये सियामी, म्हणजे आजच्या थायलंडमधल्या, नर्तकांचा ताफा सेंट पीटर्सबर्गला गेला होता. पुढे, १९१० मध्ये, प्रसिद्ध रशियन बॅले नर्तक निजिन्स्कीने ‘सियामी नृत्य’ केलं. पिचेत यांनी त्या युरोपीय कल्पनेचा थाई अंगाने पुन्हा शोध घेतला.

बँकॉकमधल्या त्यांच्या ‘चांग थिएटर’मध्ये प्रयोगही होतात आणि प्रशिक्षणही. परंपरेच्या रक्षकांना त्यांचे प्रयोग खटकले, ते साहजिकच होतं; खोनमध्ये अनुकरण हीच निष्ठा मानली जाते. पण पिचेत यांनी परंपरा टाकली नाही, उकलली. ‘थेपपनोम’ या थाई शास्त्रीय नृत्याच्या पायाभूत मुद्रासंचातल्या ५९ मूळ मुद्रांचा अनेक वर्षं अभ्यास करून त्यांनी त्यामागची सहा तत्त्वं मांडली: ऊर्जा, वर्तुळ आणि वक्ररेषा, अक्षबिंदू, अवयवांची एककालिक हालचाल, शरीराबाहेरचा अवकाश आणि बदलते संबंध. शिष्याला मुद्रा पाठ असणं पुरेसं नाही. ही तत्त्वं हाताशी असली की त्याला स्वतःची हालचाल रचता यावी, अशी ही मांडणी. तिच्यातून उभ्या राहिलेल्या प्रयोगाचं नाव ‘नंबर ६०’.