सागाच्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज खरंच बसका येतो का?

इंदुरात इलेक्ट्रिक गिटार बनवून घ्यायला निघालात की कुणीतरी सांगतंच, “महोगनीच आणा, सागाचा आवाज बसका येतो.” ही समजूत अकूस्टिक गिटारवरून आलेली. तिथे लाकडी पाट हवा हलवतो. इलेक्ट्रिकचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे; वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज निर्माण होते आणि तीच अॅम्प्लिफायरमधून आवाज बनून येते. १९६९ मध्ये अँपेग या अमेरिकी कंपनीने चक्क पारदर्शक अॅक्रिलिकची गिटार काढली होती, आणि ती छान वाजते.

तारेच्या कंपनावर लाकडाचा परिणाम अगदीच नसतो असं नाही. पण आवाज बसका वाटला तर आधी पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागचा फिरता रोध, बघा. हंबकरला (दोन वेढ्यांच्या पिकअपला) २५० किलोओहमचा पॉट लावला की वरचे तिखट सूर दबतात. तिथे ५०० हवा, २५० सिंगल कॉइलला (एका वेढ्याच्या पिकअपला). मग पिकअपची उंची: तार शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबून पिकअपपर्यंतचं अंतर जाड तारेखाली साधारण २ मिमी, बारीक तारेखाली दीड. सिंगल कॉइल याहून फार जवळ नेला तर चुंबक तारेला ओढतो आणि जाड तार वरच्या फ्रेटांवर बेसूर होते.

सागाची खरी कटकट त्याच्या तेलाची. जोड अॅसिटोनने पुसून लगेच चिकटवा, नाहीतर सरस धरत नाही. रंध्याची धारही लवकर जाते. नेकचं, म्हणजे गिटारच्या मानेचं, लाकूड मात्र मुरलेलंच घ्या: इथल्या मे महिन्यात फ्रेटबोर्ड (नेकवरची फ्रेट बसवलेली फळी) आकसतो आणि फ्रेटची टोकं बोटांना टोचू लागतात.